झांकलेला अग्नि

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलण्यांत सहज पाडतात. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें ही वांटणी केली आहे. वर चिखली, मेहकर, देऊळगांव राजा, सिंदखेड राजा, लोणार. खालीं मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूस जळगांव जामोद व संग्रामपूर. जमीन निराळी, पाऊसमान निराळें, बोलीचा हेलही थोडा निराळा. परंतु पौषाची थंडी पडूं लागली कीं दोन्हीकडच्या शेतांच्या बांधांवर एकच दृश्य दिसतें. जमिनींत वीतभर खोल खड्डा घेतलेला असतो, त्यांत गोवऱ्या पेटविलेल्या असतात, आणि भोंवतीं बसलेलीं माणसें ज्वाळा विझण्याची वाट पाहत असतात.

ज्वाळा विझण्याची वाट पाहणें हीच त्या पाकक्रियेंतली मुख्य गोष्ट आहे. गोवरी प्रथम धूर करते, मग ज्योत धरते, आणि शेवटीं वर पांढरी राख व आंत लाल निखारा अशी तिची स्थिति होते. ज्वारीचें कोंवळें कणीस ज्योतीवर धरलें तर वरचें कूस जळून जातें आणि दाणा कच्चा राहतो. तेंच कणीस राखेच्या पोटांत खुपसलें, कीं दाण्यांतल्या दुधाळ रसाची वाफ टरफलांतच कोंडते आणि दाणा आपल्याच ओलाव्यांत शिजतो. कांहीं मिनिटांनीं कणीस बाहेर काढावयाचें, हाताला चटके बसत असतांनाच तळव्यावर चोळावयाचें, कोंडा फुंकून टाकावयाचा, आणि हिरवट गरम दाणे समोरच्या मंडळींपुढें सरकवावयाचे. सोबतीला जवसाची नाहीं तर शेंगदाण्याची चटणी. त्या खड्ड्याचें नांव आगटी आणि त्या दाण्यांचें नांव हुरडा, हें कोणाही वऱ्हाडी माणसाला सांगावें लागत नाहीं. शहरांत वाढलेल्या श्रोत्यांसाठीं एवढा विस्तार केला.

रोडग्याची कृति याहून गुंतागुंतीची आहे. गव्हाचें जाडेंभरडें पीठ मीठ, ओंवा आणि तेलाचें मोहन घालून घट्ट भिजवितात. त्याच्या लहान पोळ्या लाटून, त्यांना तूप लावून, एकींत एक गुंडाळीत चेंडूएवढा गोळा तयार करतात. गोवऱ्यांचा ढीग पेटून त्याचे निखारे झाले, कीं हे गोळे त्यांवर भाजून घेतात आणि नंतर गरम राखेंत पुरून ठेवतात. आंतपर्यंत शिजलेला रोडगा फडक्यानें झटकून फोडला, कीं त्याचे पापुद्रे सुटतात. मग त्यावर तूप, तुरीचें वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. पळसाच्या दोन पानांमध्यें कणीक थापून निखाऱ्यावर भाजलेले पानगे हे रोडग्याचेच धाकटे भाऊ म्हणावयाचे.

या दोन्ही पदार्थांत राख हें टाकाऊ द्रव्य राहत नाहीं. ती भिंतीचें काम करते. राखेच्या बारीक कणांमध्यें हवा अडकलेली असते, त्यामुळें आंतली उष्णता सहजासहजीं बाहेर पडत नाहीं. आणि बाहेरचा वाराही निखाऱ्यापर्यंत थोडाच पोंचतो, म्हणून निखारा सावकाश जळतो. आगपेटी घरोघर येण्यापूर्वीं रात्रीं चुलींतला विस्तव राखेखालीं झांकून ठेवण्याची जी रीति होती, तिच्या मुळाशीं हेंच ज्ञान होतें. सकाळीं राख सारली कीं निखारा जिवंत सांपडे. विझलाच तर शेजाऱ्याकडून विस्तव आणावा लागे, आणि तो देण्याघेण्याचेही कांहीं संकेत असत. शेगांवच्या गजानन महाराजांचें जें चरित्र दासगणूंनीं लिहिलें, त्यांत जानकीराम सोनारानें अक्षय्य तृतीयेच्या दिवशीं चिलमीसाठीं विस्तव देण्याचें नाकारल्याची कथा आहे. सणाच्या दिवशीं घरांतला अग्नि दुसऱ्याला देणें अशुभ, ही समजूत त्या नकाराच्या मागें आहे. विस्तव ही राखून ठेवण्याची, मोजून देण्याची वस्तु होती, हें त्या कथेंतून इतिहासाच्या अभ्यासकाला अनायासें मिळतें.

रोडगा किती जुना, याचें एक गमक एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडांत आहे. सोळाव्या शतकांतल्या या रचनेंत सासुरवासानें गांजलेली सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि त्याच्या बदल्यांत सासरच्या एकेका माणसाचा निकाल लावून मागते. भारुडाचा आध्यात्मिक अर्थ निराळा आहे. तो सांगणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. येथें एवढेंच पाहावयाचें, कीं रोडगा हा नवसाचा पदार्थ म्हणून तेव्हां ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता, आणि नवस बोलणारी ही घरांतल्या चुलीपुढें बसणारी बाई होती. आजही रोडग्यांच्या पंगतींत गोवऱ्या रचण्यापासून गोळे पुरण्यापर्यंतचीं कामें बहुधा पुरुष करतात, आणि त्यांच्या हाताची तारीफ गांवभर होते. रोजच्या भाकरीसाठीं पहांटे चूल पेटविणारीची तारीफ करावी, असें मात्र फारसें कोणाला सुचत नाहीं. अंगणांतला अग्नि आणि घरांतला अग्नि यांत हा भेद फार जुना आहे, आणि तो एकट्या वऱ्हाडापुरता नाहीं.

महाराष्ट्राच्या भूमींत मातीच्या चुली आणि भट्ट्या किती मागें नेतां येतात, हें पुणें जिल्ह्यांतल्या इनामगांवच्या उत्खननानें दाखविलें. डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथें काम केलें. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या त्या कामांतून तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वसति उजेडांत आली. कुडाच्या व मातीच्या घरांबरोबर चुली, भट्ट्या आणि धान्य सांठविण्याचीं पेवें सांपडलीं. म्हणजे माती भाजून भांडें करणारा मनुष्य आणि मातीच्या आडोशानें अन्न भाजणारा मनुष्य हे येथें एकाच घरांत राहत होते.

आडोसा ते पेटी ही पुढली पायरी. खड्ड्यांतली राख ही तात्पुरती भिंत झाली; ती उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. भिंतच मडक्याची केली तर काय होतें, याचें उत्तर कोंकणांत रायगड जिल्ह्यांत सांपडतें. तेथें हिवाळ्यांत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडीं, कोंबडी असें सर्व मडक्यांत भरून, भांबुर्ड्याच्या पाल्यानें तोंड दाबून, मडकें उपडें ठेवून त्याच्यावर व भोंवतीं जाळ करतात. हीच पोपटी. तिच्यांत पाणी घालीत नाहींत. शेंगांचा आणि पाल्याचा जो ओलावा असेल तोच कोंडला जातो. येथें मडकें आंतल्या पदार्थाला झांकतें, अग्नि मात्र बाहेर मोकळा जळतो. अग्नि आणि अन्न या दोघांनाही एकाच मातीच्या पोटांत घालून वर झांकण बसविलें, कीं जें साधन तयार होतें, तें आज युरोप-अमेरिकेंत 'कामादो' या नांवानें विकलें जातें. शब्द जपानी आहे आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

अंड्याच्या आकाराचें, कमरेइतकें उंच, जाड चिनी मातीसारख्या द्रव्याचें हें भांडें असतें. खालीं एक लहान सरकतें दार, वर झांकणाच्या शेंड्याला एक झडप. आंत लांकडी कोळसा, त्याच्या वर जाळी, जाळीवर पदार्थ. खालच्या दारानें जेवढी हवा शिरेल आणि वरच्या झडपेनें जेवढी निघेल, तेवढाच कोळसा जळतो. ही दोन दारें बोटभर सरकवून आंतली उष्णता राखतां येते. दोन्ही अगदीं बारीक ठेवलीं तर ११० अंश सेंटिग्रेडच्या आसपास आंच ठरते, आणि एकदां भरलेल्या कोळशावर बारा-बारा तास टिकते. दोन्ही उघडलीं तर तीच भट्टी ३५० अंशांपर्यंत जाते आणि तींत तंदुरी रोटीसारखी भाकरी फुगते.

मंद आंचेचा उपयोग मांसाहारी देशांना विशेष. जनावराच्या खांद्याचें किंवा छातीचें मांस चिवट असतें, कारण त्यांत कोलॅजेन नांवाचा तंतुमय पदार्थ पुष्कळ असतो. जलद भाजलें तर तें वातड होतें. पण कित्येक तास मंद आंचेंत ठेवलें तर कोलॅजेन विरघळून त्याचें सरसासारखें द्रव्य होतें आणि मांस बोटानें सुटतें. जाड भिंत उष्णता धरून ठेवते, म्हणून कोळसा थोडा लागतो. कोळसा थोडा, म्हणून हवा थोडी. हवा थोडी, म्हणून पदार्थांतला ओलावा वाऱ्याबरोबर उडून जात नाहीं. कोळशावर ओक, हिकरी किंवा सफरचंदाच्या लांकडाचे तुकडे टाकले कीं धुराचा वास पदार्थांत मुरतो. हें शेवटचें कलम ऐकून घाटाखालच्या माणसाला हंसूं येईल. भरताचीं वांगीं कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीवर किंवा तुराट्यांवर कां भाजावयाचीं, हें त्याच्या घरांत लहान मूलही सांगतें. गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याला तो भरीत म्हणण्यास सहसा तयार होत नाहीं.

या भांड्याचा एक स्वभाव ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुष्कळ वेळ दारें मिटून ठेविलेलें असतांना झांकण एकदम उघडलें, तर हवेला भुकेलेला कोळसा भडकून ज्वाळेचा लोट तोंडावर येतो. म्हणून झांकण प्रथम बोटभरच उचलून, आंत हवा जाऊं देऊन, मग पूर्ण उघडण्याची शिकवण देतात.

आतां इतिहास. हें साधन विकणाऱ्यांच्या पत्रकांत 'तीन हजार वर्षांची प्राचीन परंपरा' असे शब्द वारंवार असतात, आणि कित्येक ठिकाणीं त्याचें मूळ हिंदुस्थानच्या तंदुरांत असल्याचेंही सांगितलेलें असतें. आपल्या देशाचें नांव आलें कीं आपली छाती फुगते; परंतु इतिहासाला छातीचें माप चालत नाहीं. तंदूर जुना आहे यांत संशय नाहीं. राजस्थानांतल्या कालीबंगा येथें हडप्पा संस्कृतीच्या काळच्या तंदुरासारख्या भट्ट्या सांपडल्या आहेत, आणि 'तंदूर' हा शब्द फारशींतून येतां येतां मागें प्राचीन बाबिलोनच्या अक्कादी भाषेपर्यंत पोंचतो. पण तंदुराचें तोंड वर उघडें असतें, रोटी त्याच्या तापलेल्या भिंतीला चिकटवितात, आणि त्याचा अग्नि कोंडलेला नसतो. कामादोचा वंश निराळा. दोन वस्तु एका तत्त्वावर चालतात एवढ्यानें त्या एका घराण्यांतल्या ठरत नाहींत. माती जेथें जेथें मिळाली आणि सरपण जेथें जेथें जपून वापरावें लागलें, तेथें तेथें माणसाला अग्नि झांकण्याची युक्ति सुचली आहे.

जपानांत पूर्वीं खड्डावजा घराच्या मध्यभागीं उघडी आगटी असे. पांचव्या शतकाच्या सुमारास कोरियाच्या द्वीपकल्पांतून आलेल्या लोकांबरोबर मातीची बांधीव चूल तेथें आली. ती घराच्या भिंतीला लागून बांधीत आणि तिचा धूर नळीवाटे बाहेर सोडीत. हीच कामादो. 'कामा' म्हणजे शिजविण्याचें भांडें आणि 'दो' म्हणजे जागा. आपल्याकडील चुलीच्या वैलाप्रमाणें एका विस्तवावर दोन-तीन भांडीं ठेवण्याची सोय मोठ्या घरांच्या कामादोंत असे. म्हणजे पत्रकांतल्या तीन हजार वर्षांपैकीं निम्मीं येथेंच गळून पडलीं.

जपानच्या 'कोजिकी' व 'निहोन शोकी' या आठव्या शतकांतल्या ग्रंथांत निन्तोकु सम्राटाची एक कथा आहे. सम्राट उंचावरून आपल्या राज्याकडे पाहतो तों घरांतून धूर निघतांना दिसत नाहीं. लोकांच्या चुली पेटत नाहींत, अर्थात् त्यांच्या घरीं शिजविण्यास कांहीं नाहीं, हें ओळखून तो तीन वर्षें वेठ आणि कर माफ करतो. राजवाड्याचें छप्पर गळूं लागतें तरी शाकारणी होऊं देत नाहीं. तीन वर्षांनीं पुन्हा पाहतो, तेव्हां गांवोगांव धूर दिसतो. कथा दंतकथेच्या जातीची आहे, आणि राजांच्या औदार्याच्या कथा कोणी लिहविल्या हें सर्वत्र ठाऊकच असतें. तरीही राज्याची सुबत्ता मोजण्यास चुलीचा धूर हें माप त्या ग्रंथकारांना सुचलें, ही गोष्ट कर-खात्याच्या कोणत्याही अहवालाहून बोलकी आहे. 'त्यांच्या घरीं चूल पेटली नाहीं' या आपल्या बोलण्यांत तेंच माप आहे. भाऊ वेगळे झाले कीं आपण 'वेगळी चूल मांडली' म्हणतों; जपानी लोक अशाच प्रसंगीं 'कामादो वांटली' म्हणतात. चुलीजवळ त्यांचा एक देवही असतो. आपल्याकडे पहिला घास चुलींतल्या अग्नीला देणाऱ्या घरांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं.

बांधीव कामादो हलत नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या भागांत जपानांत तिचें एक सुटें रूप प्रचारांत आलें. त्याला 'मुशी-कामादो', म्हणजे वाफेवर शिजविणारी कामादो, म्हणत. गोल मातीचें पिंप, त्यावर घुमटासारखें झांकण, खालीं वाऱ्याचें दार आणि वर झडप. त्यांत भाताचें भांडें ठेवावयाचें, विस्तव चांगला धरला कीं दोन्ही दारें मिटावयाचीं, आणि कोंडलेल्या उष्णतेवर भात मुरूं द्यावयाचा. सरपणाची बचत, आणि शिजवणारीला सारखें फुंकणीवर वांकावयास नको. ही गृहिणीच्या सोयीची वस्तु होती. तीवर कोणी मांस भाजीत नसे.

१९४५ सालीं जपान शरण गेलें आणि १९५२ पर्यंत अमेरिकन सैन्य तेथें राहिलें. त्या सैनिकांनीं हें भातपात्र पाहिलें, त्यांत जाळी ठेवून कोंबडी भाजून पाहिली, आणि घरीं परततांना कित्येकांनीं तें जहाजावर चढविलें. भातासाठीं घडलेली वस्तु अशा रीतीनें समुद्र ओलांडून मांसाची झाली. अमेरिकेंत तेव्हां शहराबाहेर बंगलेवजा नवीं घरें झपाट्यानें उठत होतीं. प्रत्येक घरामागें हिरवळ, आणि रविवारीं त्या हिरवळीवर घरधनी आपल्या हातानें मांस भाजणार, हा तेथील संसाराचा नवा थाट होता. आठवड्याचे सहा दिवस स्वयंपाकघराकडे न फिरकणारे गृहस्थ सातव्या दिवशीं एप्रन बांधून धुरांत उभे राहत, आणि पाहुणे वाखाणणी करीत. रोडग्याच्या पंगतींतलेंच हें दृश्य.

झांकणाचा शोध मात्र अमेरिकनांना स्वतंत्रपणेंही लागला होता. १९५२ सालीं शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नांवाच्या गृहस्थानें, जेथें तो काम करी त्या धातूच्या कारखान्यांतला समुद्रांत तरंगणारा गोल पिंपासारखा बोया मधोमध कापला. खालच्या अर्ध्यांत कोळसा, वरचा अर्धा झांकण. वारा व पाऊस यांपासून विस्तव वांचला. पण पत्रा पातळ; तो लवकर तापतो आणि लवकर निवतो. मातीची जाड भिंत जें काम करते, तें पत्र्याच्यानें होत नाहीं. मातीचें वैगुण्य दुसरें होतें. जपानहून आलेलीं भांडीं अमेरिकेंतल्या पावसांत, बर्फांत आणि प्रखर आंचेंत कांहीं वर्षांत तडकत. १९७४ सालीं एड फिशर नांवाच्या माणसानें अटलांटा शहरांत 'बिग ग्रीन एग' या नांवानें हा व्यवसाय सुरू केला. त्याच्या दुकानांत आरंभीं पाचिंको नांवाचीं जपानी खेळाचीं यंत्रेंही विकलीं जात. पुढें साध्या मातीऐवजीं भट्टींत उच्च तापमानास भाजलेलें, आंच सोसणारें सिरॅमिक आलें, आणि भांडें पिढीभर टिकूं लागलें. तेव्हां आज अंगणांत मांडलेल्या कामादोचें खरें वय मोजावयाचें तर मुशी-कामादोपासून सुमारें शंभर वर्षें, आणि मांस भाजणारें साधन म्हणून पाऊणशें. तिची किंमत आज एखाद्या चांगल्या दुभत्या म्हशीच्या आगेमागें जाते, हेंही जातां जातां सांगून ठेवण्यासारखें आहे.

सैनिक तीं भांडीं घेऊन जात होते, त्याच सुमारास जपानी खेड्यांतल्या स्त्रिया काय करीत होत्या? त्या कामादोपासून सुटका शोधीत होत्या. जुनी बांधीव चूल ठेंगणी; तिच्यापुढें वांकून वांकून कंबर मोडे, आणि धूर घरांतच कोंदे. १९४८ च्या एका कायद्यान्वयें जपानी सरकारनें खेड्यांतल्या राहणीच्या सुधारणेसाठीं प्रचारिका नेमण्यास आरंभ केला, आणि गांवोगांव त्यांनीं प्रथम हातीं घेतलेल्या कामांत चुलीची सुधारणा हें काम होतें: उंची कमरेला येईल अशी, धुराडें असलेली, सरपण कमी खाणारी कामादो. पाठोपाठ १९५५ च्या डिसेंबरांत तोशिबा कंपनीनें विजेवर आपोआप भात शिजविणारें यंत्र बाजारांत आणलें. तें योशितादा मिनामी या कारखानदारानें तयार केलें खरें. परंतु तांदूळ, पाणी, वेळ आणि तापमान यांच्या नोंदी ठेवीत शेंकडों वेळां भात शिजवून पाहण्याचें काम त्याची पत्नी फुमिको हिनें केलें. थोड्याच वर्षांत घरोघरच्या चुली थंड झाल्या. ज्या वस्तूला निरोप देतांना एका देशांतल्या स्त्रियांनीं सुटकेचा श्वास टाकला, ती दुसऱ्या देशांतल्या पुरुषांची करमणूक झाली. यांत विसंगति कांहीं नाहीं. रोज तीनदां पेटवावा लागणारा अग्नि आणि मन चाहेल तेव्हां पेटवावयाचा अग्नि हे दोन निरनिराळे अग्नि आहेत.

वऱ्हाडाच्या शेजारीं वर्ध्यास हा प्रश्न थोडा आधींच विचारला गेला होता. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें मगनवाडींत होतें आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. घाणी, कागद, मधमाश्या यांबरोबर तेथें चुलीचाही विचार झाला, आणि १९४७ च्या सुमारास मातीची, धुराडें असलेली 'मगन चूल' पुढें आली. १९५३ सालीं हैदराबादचे इंजिनियर एस. पी. राजू यांनीं बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तकच लिहिलें. त्यांची चूल दोन-तीन भांड्यांची, झांकलेल्या मार्गाची आणि झडपेची होती. हवा मोजून आंत सोडावयाची, हें तिचें सूत्र. कामादोचें सूत्र याहून वेगळें नाहीं. फरक एवढाच, कीं ती भाकरीसाठीं होती.

सरकारनें १९८३ सालीं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला. लक्षावधि चुली वांटल्या गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी लवकरच कोपऱ्यांत पडल्या, कारण धुराडें काजळीनें बुजे, भोंक भांड्याला बसत नसे, आणि चूल बसविणारा पुन्हा फिरकत नसे. ज्या बाईला ती वापरावयाची तिला आधीं विचारावें, हा फुमिको मिनामीचा धडा फार थोड्या ठिकाणीं गिरविला गेला. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतल्या बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसच्या टाक्या खेड्यांत पोंचल्या. तरीही टाकी संपल्यावर दुसरीचे पैसे हातीं येईपर्यंत मागील दाराची चूल पेटते, आणि भाकरीला तीच बरी असें म्हणणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यांत चवीचा भाग किती आणि काटकसरीचा किती, हें त्यांच्या घरच्या पुरुषांनीं ठरवूं नये.

हुरड्याच्या आगटीचें मात्र दुसरेंच कांहीं झालें. १९९० नंतर वऱ्हाडांत सोयाबीन पसरलें आणि ज्वारीची शेतें मागें हटलीं. सोयाबीनला बाजारांत रोकड मिळते. ज्वारीला पांखरें राखावीं लागतात, आणि कडबा खाणारीं बैलजोडींचीं दावींही रिकामीं होत गेलीं. जेथें बांधावरच्या कोणाही वाटसरूला हांक मारून बसविण्याची चाल होती, तेथें आतां सडकेच्या कडेला माणशीं पैसे घेऊन हुरडा खाऊं घालणारीं शेतें दिसतात. शहरांतून मोटारी येतात. आगटीभोंवतीं फोटो निघतात. गोवऱ्याही विकत आणलेल्या असतात. यांत नाक मुरडण्यासारखें कांहीं नाहीं. पिकविणाऱ्याला चार पैसे मिळतात. घाटावर अजून कांहीं शेतकरी कपाशीच्या किंवा तुरीच्या शेताच्या कडेला दोन-चार तासें 'वाणी' ज्वारीचीं पेरतात. तीं विकण्यासाठीं नसतात. दाणा दुधावर आला, कीं त्या आठवड्यांत आगटीचा खड्डा खणावा लागतो. पुढें पंधरा दिवसांत तोच दाणा कठीण होतो आणि मग त्याची भाकरीच करावी लागते.